क्रियापदाआधीचा श्वास

"…लहान मुले, वृद्ध आणि श्वसनाचे विकार असलेल्या व्यक्तींनी शक्यतो घराबाहेर पडणे" इथपर्यंत ती वाचत आली आणि पुढचा शब्द आलाच नाही. समोरच्या कागदावर तो होता. ठळक होता, ओळीच्या शेवटी होता, डोळ्यांना नीट दिसत होता. पण छातीत त्याच्यापुरती हवा उरली नव्हती. आकाशवाणीच्या त्या बंद खोलीत, लोकरी भिंतींच्या मध्ये, सकाळच्या बातम्या थेट चालू असताना तिचं तोंड उघडंच राहिलं आणि सगळं शहर एका अर्धवट वाक्याला लटकलं. आपल्या भाषेत वाक्याचा जीव सगळ्यात शेवटी असतो. घराबाहेर पडणे, मग पुढे काय? पडणे चालेल? पडणे भाग आहे? पडणे टाळावे? त्या एका शब्दासाठी कुणी अर्धी दाढी केलेला माणूस आरशासमोर थांबला असेल, कुणी दारात एक पाय चपलेत घालून उभं असेल. काचेपलीकडे बसलेले ध्वनितंत्रज्ञ, ज्यांना अख्खं केंद्र दादा म्हणायचं, मान वर करून तिच्याकडे बघत होते. त्यांचा एक हात संगीताच्या खटक्यावर गेला होता. आणि तिचा डावा हात, सवयीने, न सांगता, टेबलाच्या कडेला असलेल्या बटणावर.

ते बटण दाबलं की माइक मुका होतो. ठसका, शिंक, घोटभर पाणी, श्रोत्यांच्या कानावर जे जायला नको ते त्या बटणाखाली उरकायचं, अशी बातम्या वाचणाऱ्यांची रीत. इतरांनी त्याखाली शिंका उरकल्या; तिने अख्खं आजारपण उरकलं होतं. दोन बातम्यांच्या मधल्या फटीत बटण दाबायचं, पदराआड धरलेला निळा पंप तोंडात फवारायचा, दम कोंडायचा, सोडायचा, आणि बटणावरून बोट उचललं की पुन्हा तोच आवाज: स्वच्छ, सपाट, इस्त्री केल्यासारखा. तिच्या आवाजाला श्वास नाही, असं नवीन येणाऱ्यांना कौतुकाने सांगितलं जायचं. कुठे घेते कळतच नाही, शिका जरा. हे ऐकताना तिची मान किंचित ताठ व्हायची. आयुष्यात फुशारकी मारावी असं तिच्याकडे फारसं नव्हतं. रूप बेताचं, नवरा लवकर गेलेला, घर भाड्याचं. पण हा आवाज तिने हाताने घडवला होता, आणि ज्या छातीतून तो निघायचा ती छाती कशी आहे हे माहीत असल्यामुळे त्याचा तिला दुप्पट अभिमान होता.

आज मात्र फट मिळाली नव्हती. आजच्या बातमीचं वाक्यच लांबलचक होतं, आणि त्यात सकाळपासूनची हवा. थंडीच्या दिवसांत वारा पडला की रात्रभरचा सगळा धूर रस्त्यावर निजून असतो. ती घरातून निघते तेव्हा तो अजून उठलेला नसतो. बसथांब्यापासून केंद्रापर्यंतचा रस्ता कित्येक महिने उकरून ठेवलेला. मातीच्या ढिगाऱ्यांवर मालट्रकांच्या दिव्यांचा उजेड पडला की त्यात भुकटी तरंगताना दिसायची. बसच्या आगारात गाड्या नुसत्याच घुरघुरत उभ्या, त्यांच्या मागच्या नळ्यांतून निळसर धूर. कोपऱ्यावर कुणीतरी पानं, पुठ्ठे आणि प्लास्टिक एकत्र पेटवून हात शेकत बसलेलं. त्या वासाची पहिली जाणीव तिला नाकात होत नसे. घशाच्या खाली, दोन हाडांच्या मध्ये कुणीतरी दोरीची गाठ आवळावी तशी व्हायची. मुखपट्टी लावली होती, पंपही घेतला होता, तरी जिना चढताना आतली शिट्टी तिला ऐकू आली होती. बारीक, वरच्या पट्टीतली. लहानपणी चाळीतल्या पोरांनी तिचं नाव पिपाणी ठेवलं होतं ते याच शिट्टीवरून. लपाछपीत ती कधीच जिंकली नाही. कितीही आडोशाला बसली तरी छाती वाजायची आणि राज्य घेतलेला पोरगा न शोधताच ओरडायचा, "पिपाणी, जिन्याखाली!"

आणि या गोष्टीला घरात नाव नव्हतं. आई म्हणायची, सर्दीचा कोठा आहे. शेजारी विचारलं तर सर्दी, शाळेत विचारलं तर सर्दी, पुढे स्थळं यायला लागली तेव्हा तर नुसतं, "थंडी जरा सोसत नाही हो तिला." डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला त्या दिवशी आईने दवाखान्याचं दार लोटून घेतलं होतं, जणू शब्द बाहेर पळून जाईल. घरात त्याला 'ते' म्हणायचे. ते उठलंय का आज? ते बसलं का? एखादा नको असलेला पाहुणा आत झोपला असावा आणि त्याची चर्चा दबक्या आवाजात चालावी तसं. रात्र-रात्र आई तिला उशांचा डोंगर करून टेकवून बसवायची, पाठीवरून हात फिरवायची, त्यात कधी कुचराई केली नाही. पण सकाळी सगळ्या उशा जागच्या जागी. लोकांना दिसता कामा नयेत. वडील छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. शाळा सुटल्यावर ती त्यांच्याकडे जायची आणि ते मुद्रितं तपासत असताना मूळ मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची. आत खिळे धुवायच्या घासलेटाचा वास, म्हणून खिडकी उघडावी तर बाहेर मालधक्क्याच्या ट्रकांचा धूर. वडील खिडकी अर्धी उघडायचे, अर्धी लावायचे आणि तिच्याकडे बघायचे. कुठल्या वासात तिचं वाचन जास्त टिकतंय त्यावर खिडकी ठरायची. तोंडाने एक अक्षर नाही. कधीकधी वाचता वाचता ती थांबली तर ते उगीचच चष्मा पुसायला घ्यायचे, ती सावरेपर्यंत पुसत राहायचे, आणि मग म्हणायचे, "हं. कुठे होतो आपण?" आपण म्हणायचे. तू नाही.

हे सगळं त्या रिकाम्या क्षणात तिला क्रमाने आठवलं असं नाही. ते एकदम आलं, एका थंड झोतासारखं, आणि त्याच्या मागोमाग एक वेडगळ विचार आला की आपण जे सांगतोय ते आपल्यालाच सांगतोय. श्वसनाचे विकार असलेल्या व्यक्तींनी घराबाहेर पडू नये, हे सांगायला श्वसनाचा विकार असलेली एक व्यक्ती त्याच हवेतून चालत आली आहे. तिला चक्क हसू आलं. आणि हसण्याइतकीही हवा नसल्यामुळे ते हसू डोळ्यांत पाणी होऊन आलं. बोटाखाली बटण गार होतं. दाबलं की झालं. दादा धून लावतील, तांत्रिक कारणामुळे व्यत्यय आल्याबद्दल दिलगीर आहोत. तांत्रिक कारण! छातीत आवळलेली ही गाठ, पिपाणी, उशांचे डोंगर, अर्धी खिडकी, सगळं तांत्रिक कारण. आयुष्यभर सर्दी होतं, आता तांत्रिक कारण होणार. तिने बटणावरचं बोट उचललं आणि तळहात दादांच्या दिशेने उभा धरला: थांबा.

मग तिने पंप काढून, पदराआड न धरता, माइकसमोरच हलवला. आतली डबी खुळखुळली. श्वास होता तेवढा बाहेर सोडला, पंप तोंडात धरून दाबला, आत ओढला, आणि दम कोंडून बसली. सबंध शहराला तो फवाऱ्याचा फुस्स आवाज ऐकू गेला, आणि त्यानंतरची शांतताही. दादांचा हात खटक्यावरून खाली आला. तिने हळूहळू श्वास सोडला आणि म्हणाली, "माफ करा. मला दमा आहे. थोडा श्वास घेते आणि वाक्य पुरं करते."

आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला. त्याला काठ होते, खरखर होती, मध्ये शिट्टी होती. कान देऊन ऐकावा असा होता. तिने आणखी एकदा पंप घेतला, थोडी थांबली, मग कागदावर बोट ठेवून वाचलं, "घराबाहेर पडणे… टाळावे." आणि पुढच्या बातमीवर गेली. उरलेलं बातमीपत्र तिने सावकाश वाचलं. जिथे लागला तिथे श्वास घेतला, आणि तो लपवला नाही.

बाहेर आली तेव्हा दादांनी खुर्ची पुढे केली आणि तिच्या पिशवीतला प्लास्टिकचा पोकळ नळा, पंपाला जोडून औषध नीट आत जावं म्हणून असतो तो, आपणहून शोधून तिच्या हातात दिला. तो कुठल्या कप्प्यात असतो हे त्यांना माहीत होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"ताई, काचेला पडदा नाहीये," दादा म्हणाले. "पण तुम्ही दाखवत नव्हता, म्हणून मी बघत नव्हतो."

गाठ सैल होईपर्यंत ते शेजारी नुसते बसून राहिले. मग केंद्रप्रमुखांचं बोलावणं आलं. या मॅडम तिच्यापेक्षा वयाने लहान, मनाने चांगल्या. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी उठून खिडकी लावली, पाणी दिलं, बरं वाटतंय का विचारलं. फोन वाजतच होते. एका गृहस्थांनी विचारलं होतं, बातम्या लावल्यात की दवाखाना? एका बाईंनी नुसतं, त्या बऱ्या आहेत का, एवढं विचारून ठेवून दिला. एक रिक्षावाला म्हणाला, पुढचा शब्द येईपर्यंत मी रिक्षा कडेला घेऊन थांबलो होतो, मला वाटलं माझाच रेडिओ गेला.

"मी काय म्हणते," मॅडम म्हणाल्या, "सकाळचं आता सोडा तुम्ही. शिक्षा म्हणून नाही हं, तुमच्या काळजीपोटी. दुपारचं कथावाचन घ्या. आधी ध्वनिमुद्रण करायचं, निवांत. दम लागला तर थांबायचं. श्वास-बिस दादा काढून टाकतील."

ते दादा कसे काढतात हे तिने पाहिलेलं होतं. संगणकाच्या पडद्यावर आवाज डोंगररांगेसारखा पसरायचा आणि दोन डोंगरांच्या मधल्या बारक्या टेकड्या म्हणजे श्वास. दादा एकेक टेकडी निवडून उडवून टाकायचे, तांदळातून खडे वेचावेत तसे. एकदा ती त्यांना गमतीने म्हणाली होती, एवढे श्वास टाकून काय देताय, डब्यात भरून ठेवा, थंडीत मला लागतील. आता तो विनोद आठवून तिला आत कुठेतरी लागलं. मॅडमचं काही चुकत नव्हतं. तिच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, थंडीतली पहाट टाळा. दुपारची ऊन असलेली खोली, पुन्हा पुन्हा वाचायची मुभा, आणि शेवटी कुठल्याही छातीतून न निघालेला तो इस्त्रीचा आवाज. काल हे विचारलं असतं तर तिने कदाचित हो म्हटलं असतं. काल तिला तोच आवाज म्हणजे आपण, असं वाटत होतं.

"सकाळच्या बातम्या मीच वाचीन," ती म्हणाली.

"अहो, पण उद्या परत असं झालं तर?"

"होईल. उद्या हवा बरी असली तर सरळ वाचीन. वाईट असली तर दम लागेल. लोकांना दोन्ही ऐकू येईल."

ती पुढे म्हणाली, आणि म्हणताना तिला जाणवलं की आपण इतक्या वर्षांत या खोलीत कधी काही मागितलंच नाही, "एक करा. थंडी आहे तोवर मला घरून आणायला गाडी पाठवा. उपकार म्हणून नको. ज्या हवेत जाऊ नका असं माझ्या तोंडून वदवता, त्या हवेतून मला चालवत आणू नका. आणि टेबलावर पंप ठेवायला जागा. उघड्यावर."

मॅडमनी पेन उचललं, ठेवलं. खिडकीच्या काचेपलीकडे दिवस उजाडला होता, पण सूर्य कुणीतरी खोडरबराने घासल्यासारखा फिक्कट. "डॉक्टरांचं पत्र आणाल?" त्यांनी विचारलं.

"आणीन. त्यात आजाराचं नाव लिहिलेलं असेल."

"असू दे की," मॅडम म्हणाल्या, आणि मग जराशा ओशाळून हसल्या. "खरं सांगू? मघाशी घरी माझी मुलगी शाळेचा गणवेश घालून तयार होती. तुम्ही थांबलात तशी तीही थांबली. म्हणाली, आई, त्या बाईंना बोलू दे आधी."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. काचा बंद, तरी उकरलेल्या रस्त्याची माती काचेवर सर्रकन घासून जात होती. आज हवा कालच्यापेक्षाही वाईट होती, हे तिला कागद बघायच्या आधीच कळलं होतं. टेबलावर बातमीपत्र ठेवलेलं होतं. तिने चाळलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. प्रत्येक वाक्य तोडलेलं. चार-चार शब्दांचे तुकडे. शहरातील हवा वाईट आहे. मुलांनी घरात थांबावे. वृद्धांनीही थांबावे. पहिलीच्या पुस्तकातला धडा जणू. बातम्या लिहिणारे गृहस्थ दारातच घुटमळत होते.

"तुम्हाला सोपं जावं म्हणून…" ते म्हणाले.

"तुम्ही जागून केलंत, मला कळतंय," ती म्हणाली. "पण वाक्यं मोडू नका हो. दम माझा तुटतो. वाक्याला काही झालेलं नाही."

तिने पेन्सिल घेतली आणि बसल्या बसल्या वाक्यं पुन्हा जोडली. आणि, तसेच, असून, म्हणून. गृहस्थ शेजारी उभे राहून बघत होते. एका ठिकाणी त्यांनीच वाकून एक 'परंतु' सुचवला. तो चांगला होता, तिने घेतला. लाल दिवा लागला. पंप कागदाशेजारी उघडा उभा होता, निळा, मिठाच्या बाटलीइतका साधा. ती वाचू लागली. मध्येच वाक्याच्या ऐन उतारावर छाती थांबली तेव्हा तीही थांबली, हवा आत ओढली, ती आत जाताना वाजली, वाजू दिली, आणि पुढे निघाली. काल तिला या जागी भीती वाटली होती. आज तिथे एक विचित्र ऐट होती. भरलेली घागर डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या बाईने मध्ये थांबून श्वास घ्यावा आणि घागरीतलं थेंबभरही सांडू नये, तशी. इतकी वर्षं लोकांनी तिच्या आवाजाचं कौतुक केलं होतं आणि तिने ते निमूट घेतलं होतं, चोरीचा माल वापरावा तसं, कधी पकडले जाऊ या धास्तीने. आज पहिल्यांदा आवाज तिचा होता. छातीसकट तिचा होता.

घरी परतली तेव्हा ऊन थोडं वर आलं होतं. काल आईशी या विषयावर बोलणं झालंच नव्हतं. तिच्याजवळच राहणारी आई रोज रेडिओ कानाला लावून बातम्या ऐकायची, काल तिने ऐकलं असणारच. पण घरात शिरल्यावर नुसतं, "जेवून घे," आणि मग दिवसभर कपाट आवरणं, उगाच भांडी घासणं. रात्री उशा मात्र न मागता आणून दिल्या होत्या. आईने इतकी वर्षं राखलेलं झाकण आपण उघडं केलं, हे तिला डाचत होतं. काय बोलावं ते ठरवतच ती जिना चढत होती. तेवढ्यात वरून आईचा आवाज आला. ऐकू कमी येत असल्यामुळे आई सगळ्यांशीच जरा मोठ्याने बोलायची. शेजारच्या बाई दारात उभ्या असाव्यात.

"हो, ती माझीच," आई सांगत होती. "आजही बातम्या वाचल्या ना तिने? ऐकलंत? दमा आहे तिला. लहानपणापासून."

शेजारच्या बाई काहीतरी हळू म्हणाल्या.

"नाही, नाही, सर्दी नाही," आई म्हणाली, आणि लोकांच्या पोरी वकील झाल्या, परदेशी गेल्या, हे त्या पोरींच्या आया ज्या सुरात सांगतात त्याच सुरात पुढे म्हणाली, "चांगला जुना दमा आहे! आणि त्या दम्यात अख्ख्या गावाला बातम्या सांगते माझी पोर. लहान होती ना, तेव्हा एकेका रात्री…"

जिन्याच्या वळणावर तिने कठड्याला हात टेकला. वर जायला दम पुरेसा होता. तरी ती तिथेच उभी राहिली. आई अजून सांगत होती.